हातावरचं मीटर

मी आयुष्यात एकाही मीटरवर विश्वास ठेवला नाही. ज्या एकावर ठेवला, त्याने मला डोंगराच्या पायरीवर, सगळ्या पाहुण्यांसमोर, फतकल मारून बसवलं.

माझा धंदा जुन्या गाड्यांचा. शिरोली नाक्याच्या अलीकडे माझं आवार आहे. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, मिळेल ते घ्यायचं, पुसायचं, विकायचं. सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे एक मोपेड होती, आणि तीही विकायलाच आणलेली होती. पुढचं सगळं मी भांडून उभं केलं. लोक म्हणतात, मी तापट आहे. मी अजिबात तापट नाही! समोरचा चुकीचा भाव सांगतो, त्याला मी काय करू?

आमच्या धंद्यात पहिला धडा एकच असतो: मीटर बघायचं नाही. मीटर मागे फिरवता येतं. जीपचा मालक शपथेवर सांगतो, "दवाखान्याला आणि लग्नाला, एवढीच वापरलीया बघा." मीटरही त्याच्या बाजूने साक्ष देतं. मी तिकडे ढुंकून बघत नाही. मी खाली वाकतो आणि क्लचच्या पॅडलवरचं रबर बघतो. ते झिजून गुळगुळीत झालं असेल, तर त्या जीपने अर्धा महाराष्ट्र पाहिलेला असतो. मीटर बोलतं ते मालकाचं. रबर बोलतं ते पायाचं. (मी स्वतः कधी मीटर फिरवलेलं नाही. कुणी फिरवून आणलं असेल, तर त्याचं मन दुखवत नाही, एवढंच.)

असा माणूस एका मीटरच्या नादाला लागून पायरीवर बसला कसा? त्याला कारण माझे व्याही.

आमचे व्याही बाबासाहेब जयसिंगपूरचे. बियाण्यांचं दुकान. अंगाने काडी. दर पौर्णिमेला घरापासून नृसिंहवाडीपर्यंत चालत जातात. (आणि पुढची पौर्णिमा येईपर्यंत तेच सांगत बसतात.) आमच्या पल्लवीच्या लग्नात व्याहीभेट झाली. गळाभेटीला त्यांनी हात पसरले, पण ते हात माझ्या पाठीमागे एकमेकांना भेटेनात. तेव्हा हा गृहस्थ मांडवात सगळ्यांसमोर म्हणाला, "काय पावणं! मॉडेल कुठल्या सालचं? बॉडी लै मोठी हाय, इंजिन पुरतंय न्हवं?"

मांडव हसला. भटजी हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. पण त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या पोटात आहे. (जागा भरपूर असल्यामुळे आरामात आहे.)

पुढे पल्लवीला मुलगा झाला. तो वर्षाचा व्हायला आला, तेव्हा बाबासाहेबांचा फोन आला. जावळ काढायचं होतं. त्यांचं कुलदैवत हातकणंगल्याकडच्या एका डोंगरावर आहे, आणि त्यांच्या घराण्यात एक रीत आहे.

"आमच्यात पोरगं पायथ्यापास्नं देवळापातूर मामाच्या अंगावर जातंय," बाबासाहेब म्हणाले. "मधी कुठं खाली टेकवायचं न्हाय. वर गेल्यावर मामाच्या मांडीवर जावळ. पर पल्लवीला भाऊ न्हाय. तवा आमचा विक्रम उचलंल. माझा पुतण्या. त्यालाच मामा म्हणूया."

"म्हणूया म्हंजे?" मी म्हणालो. "पुतण्या तुमचा. मामा आमचा कसा झाला?"

"मग कोण उचलणार? तुम्ही?"

त्या 'तुम्ही'चा सूर मला इथे लिहून दाखवता येणार नाही. जुना टेम्पो बघायला आलेलं गिऱ्हाईक टायरला लाथ मारून विचारतं ना, "हा? चालतोय?", तसा होता.

"का? आजोळ काय ओस पडलंय?" मी ओरडलो. "आजोळचा बाप्या मी हाय. माझा नातू मीच नेणार!"

"पावणं, पायऱ्या लै हाईत."

"असू देत! डोंगर काय पळून जाणार न्हाय."

"डोंगर न्हाय हो जाणार," बाबासाहेब शांतपणे म्हणाले. "चार महिनं हाईत. तुमचं तेवढं बघा."

फोन आपटला. माझी बायको मालन दारात उभी राहून ऐकत होती.

"अवो, परवा आपला जिना चढताना अर्ध्यात बसला हुतासा."

"चप्पल नीट करत होतो."

"दोन्ही?"

मी त्याच पावली घराबाहेर पडलो. चालायचे बूट घेतले आणि मोबाइलच्या दुकानात शिरलो. विक्रमच्या मनगटावर मी एक काळं घड्याळ पाहिलं होतं. तसलंच मागितलं.

"आण्णा, हे नुसतं घड्याळ न्हाय," दुकानदार म्हणाला. "तुम्ही किती चालला, काळजाचं ठोकं किती, किती कॅलरी जाळल्या, सगळं सांगतंय. खाल्लेलं एकीकडं जमा, जाळलेलं दुसरीकडं खर्च. खर्च जमेपेक्षा जास्त झाला, की माणूस बारीक!"

एवढी सोपी गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती. डॉक्टर उगाच तेल कमी, साखर कमी असलं काहीतरी बोलत राहतात. मग मी भावाला हात घातला. घासाघीस सुरू केली आणि तो चटकन खाली आला. माझं भांडण गळ्याशी येऊन तसंच राहिलं. खरं तर तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. विकणारा न रडता भाव उतरवतो, तेव्हा मालात काहीतरी असतं, हे मी आवारात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो.

घरी येऊन घड्याळ फोनला जोडलं. पल्लवीने जयसिंगपूरहून सांगत सांगत जोडून दिलं, आणि तिकडे स्वतःच्या फोनवरही माझा व्यायाम दिसेल अशी सोय करून घेतली. मग घड्याळाने मला वजन, उंची, वय विचारलं.

मी खरं सांगणार होतो. देवाशपथ! पण विचार करा, समोरचा स्वतः काही सांगत नाही आणि आधी तुमचाच आकडा विचारतो. धंद्यात असा आकडा जो पहिल्यांदा खरा सांगतो, तो मेला. मी वजन जरा कमी सांगितलं. (लाज प्रत्येकाला असते.) रंकाळा तलावाला एक फेरी मारली. घड्याळाने कॅलरी दाखवल्या त्या अशा, की एक बिस्किटसुद्धा रागावेल.

घरी येऊन मी खरं वजन टाकलं. दुसऱ्या दिवशी तीच फेरी, तोच रंकाळा, पण कॅलरी वाढल्या!

माझ्या लगेच लक्षात आलं. लोड वाढला की डिझेल जास्त जळतं. भरलेला ट्रक आणि मोकळा ट्रक यांचं ॲव्हरेज एक कसं येईल? घड्याळ शहाणं होतं. पण मी त्याच्यापेक्षा शहाणा निघालो. मी वजन आणखी वाढवलं. मग उंची वाढवली. मग वयाकडे वळलो. शेवटी त्या घड्याळाच्या दृष्टीने माझ्या मनगटाला शड्डू ठोकून उभा असलेला एक अवाढव्य पैलवान बांधलेला होता आणि त्याच फेरीला जवळजवळ दुप्पट कॅलरी मिळत होत्या.

"घड्याळाबरबर पण घासाघीस?" मालन म्हणाली.

"गप बस. भाव वाढलाय."

मग माझा दिनक्रम बसला. सकाळी रंकाळा. फेरी संपली की घड्याळ बघायचं, जळालेल्यातून एक मिसळ वजा करायची, आणि उरलेलं संध्याकाळच्या मटणाला राखून ठेवायचं. वजा करायला काही उरत नसेल, तर हात जरा हलवत चालायचं. हात हलवले की आकडा वाढतो, हा शोध माझाच. रंकाळ्यावरचे लोक मला बघून रस्ता सोडायचे. त्यांना वाटायचं, मी कुणाला तरी मारायला निघालोय.

पण खरा शोध आवारात लागला. एक जण ट्रॅक्टर घ्यायला आला आणि असा भाव बोलला, की माझ्या डोक्याची शीर उडायला लागली. मी ओरडतोय, हात वर-खाली करतोय, बॉनेटवर थाप मारतोय, तोच मनगट थरथरलं. बघतो तर घड्याळावर अक्षरं: 'तुम्ही व्यायाम करत आहात असे दिसते. नोंद ठेवायची?'

मी हो दाबलं आणि भांडण पुढे चालू केलं.

गिऱ्हाईक न घेताच निघून गेलं. मी घड्याळ बघितलं. रंकाळ्यापेक्षा जास्त! आणि तेही आवारातल्या सावलीत, उभ्या जागी! मग सांगा, शहाण्या माणसाने चालायचं कशाला?

तेव्हापासून सकाळचा रंकाळा सुटला आणि मी आवारातच व्यायाम करायला लागलो. चहात आलं कमी म्हणून चहावाल्याशी व्यायाम केला. कचऱ्याच्या गाडीशी वेळेवरून केला. एकदा एक सरळमार्गी शेतकरी आला, टेम्पो बघितला, आणि मी सांगितलेल्या भावाला मान हलवून म्हणाला, "बरं, चालतंय."

"चालतंय म्हंजे?" मी खवळलो. "असं कुठं असतंय काय? घासाघीस करा की जरा!"

तो घाबरला. "न्हाय हो मालक, भाव बरोबर हाय."

"बरोबर कसा असंल? मी जास्त सांगितलाय!"

तो माणूस टेम्पोकडे बघत बघत मागे सरकला आणि रस्त्याला लागला. आजही तो मला मार्केट यार्डात दिसला की रस्ता ओलांडतो.

मग राधानगरीची गोष्ट. एक जुनी डिझेल जीप गिऱ्हाइकाला दाखवायला घेऊन गेलो. रस्ता खड्ड्यांचा, स्टेअरिंग असं थडथडत होतं की हाताला मुंग्या आल्या. तिथे पोहोचून घड्याळ बघतो, तर त्याच्या मते मी राधानगरीला चालत आलो होतो! गिऱ्हाइकाला जीप पसंत पडली नाही, त्यामुळे चालतच परत आलो. त्या रात्री मी तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि ताटभर सुकं असं जेवलो, तरी घड्याळाच्या हिशेबाने मी उपाशीच झोपलो.

मालनला हे पटेना. तिला पटवण्यासाठी मी भाकरी थापताना घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं. दोन-चार भाकरी झाल्या आणि घड्याळ थरथरलं. मी वाचून दाखवलं, "विचारतंय, पोहताय काय?"

"पिठात?" मालन म्हणाली. मग तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "तसं म्हणायचं तर लगीन झाल्यापास्नं मी पवतच हाय की."

इकडे माझ्या पँटचा हूक तुटला. मी शिंप्याशी भांडलो, की कापड आटतंय. (नोंद ठेवली.) पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, तेही चुकीच्या बाजूला. मालन म्हणाली, "कोपऱ्यावरच्या दुकानात काटा हाय, एकदा उभं तरी ऱ्हावा." मी तिला उडवून लावलं. त्या काट्यावर कुणाचा विश्वास? कोण तपासतंय ते काटे? मी, चाळीस वाटांनी फसवायला आलेल्यांना ओळखणारा माणूस, हे अगदी मनापासून बोललो. काट्यावर माझा विश्वास नव्हता, घड्याळावर होता. कारण घड्याळ मला हवं ते सांगत होतं.

एके दिवशी पल्लवीचा फोन आला.

"आण्णा, तुम्ही रोज दुपारी काय करताय? माझ्या फोनवर तुमचे ठोके बघून भीती वाटतीय मला."

"व्यायाम."

"कसला?"

"मिश्र."

"आण्णा, त्या आकड्याच्या मागं लागू नका. ते घड्याळ अंदाज सांगतंय, बास. मनगटावर ठोके मोजतंय, ते पण पट्टा नीट असला तर. हात हलला की माणूस हलला असं समजतंय. त्यात तुम्ही टाकलेलं वजन-वय घेतंय आणि कॅलरीचा हिशोब लावतंय. चालून ठोके वाढले काय आणि चिडून वाढले काय, त्याला कळत न्हाय. एकाचं बरोबर आलं तर दुसऱ्याचं लै चुकतंय. वजन खरं टाकलंय न्हवं?"

"मग? खोटं कशाला टाकू?"

लेकीशी खोटं बोलताना माझे ठोके वाढले. घड्याळाने तेही जमा करून घेतले.

"बरं," पल्लवी म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आण्णा, तुमचं आणि मामंजींचं काय असंल ते असू दे. पण माझं पोरगं हाय ते. पाडू नका."

"पाडीन? मी? तुला खांद्यावर घेऊन अख्खी जत्रा फिरवलीया मी!"

"तवा मी लहान होतो, आणि तुम्ही बारीक होता."

मी फोन ठेवला. मनात कुठेतरी टोचलं, नाही असं नाही. पण मी घड्याळ बघितलं आणि मला बरं वाटलं. चार महिन्यांत मी एवढं जाळलं होतं, की त्यावर एखादा कारखाना चालला असता. पल्लवी शिकलेली पोरगी, तिला काय कळणार?

जावळाचा दिवस उजाडला. डोंगराच्या पायथ्याला दोन्हीकडचे पाहुणे जमले. मी फेटा बांधला होता, तेच चालायचे बूट घातले होते आणि बाही मुद्दाम दुमडली होती, घड्याळ दिसावं म्हणून. बाजूला विक्रम घट्ट टी-शर्ट घालून दंड चोळत उभा होता.

"या पावणं," बाबासाहेब म्हणाले. "गाडी गरम करून घेतली न्हवं?"

मी मनगट त्यांच्या नाकासमोर धरलं. "हे बघा. सगळा हिशोब हाय इथं."

त्यांनी चष्मा न लावताच बघितलं. "झ्याक हाय. वेळ पण दाखवतंय काय?"

माझं उत्तर मी वर देवळात देणार होतो.

नातू माझ्या हातात आला. पोरगं चांगलंच बाळसेदार. जयसिंगपूरच्या तुपावर वाढलेलं. त्याने आल्या आल्या माझा फेटा धरला आणि मी पहिली पायरी चढलो.

सुरुवात अशी झाली, की विक्रमचंसुद्धा तोंड उतरलं. मी दोन-दोन पायऱ्या घेत होतो. वर बोलतही होतो. "डोंगर म्हणे! ह्याला डोंगर म्हणतासा व्हय तुम्ही? आमच्याकडं ह्याला बांध म्हणत्यात." मग माझी वाक्यं छोटी झाली. मग नुसतेच शब्द राहिले. मग मी नुसती मान हलवायला लागलो. नातू माझ्या डोक्यावर ढोल वाजवत होता. छातीतून सायलेन्सर फुटल्यासारखा आवाज येत होता. मांड्या थरथरत होत्या, आणि देऊळ जेवढं खालून लांब दिसलं होतं तेवढंच अजून लांब होतं.

"आण्णा, द्या इकडं," विक्रम म्हणाला.

"हात लावू नगंस!" मी ओरडलो. माझ्याकडे जेवढा श्वास शिल्लक होता, तो सगळा त्या ओरडण्यात गेला. मी खाली बसलो.

सगळी वरात थांबली. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी कुजबुजलं, "टेकवलं वाटतं." मी नातवाला छातीशी धरून जेवढं जमेल तेवढं ठणकावून सांगितलं, "मी टेकलोय... पोरगं न्हाय टेकलं... ते माझ्यावर हाय. रीत... मोडलेली न्हाय."

बाबासाहेबांनी विचार केला. न्यायाधीशासारखी मान डोलावली. "खरं हाय. रीत न्हाय मोडली," ते म्हणाले. "पर देव वर हाय."

मी उठायला गेलो. एकदा. पुन्हा एकदा. गुडघे ऐकेनात. आणि नेमकं तेव्हाच माझं मनगट थरथरायला लागलं. नुसतं थरथरलं नाही, वाजलं. त्यावर रंगीत फटाके उडायला लागले. बाबासाहेबांनी या वेळी मात्र खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, वाकून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं:

"'अभिनंदन! तुम्ही आजचे ध्येय पूर्ण केले आहे!'"

डोंगर हसला. विक्रम तर रेलिंगला धरून हसला. माझा नातू, माझं स्वतःचं रक्त, टाळ्या वाजवून हसला.

पल्लवी हसली नाही. मी मान वळवली तेव्हा ती मला दिसली. बाजूलाच, दोन पायऱ्या खाली, दोन्ही हात पुढे करून ती उभी होती. पोरगं निसटलं तर झेलायला. कपाळावर घाम, पदर कमरेला खोचलेला. पायथ्यापासून ती तशीच हात पसरून माझ्यामागे चढत होती, आणि मी एकदाही मागे बघितलं नव्हतं. मी मीटर बघत होतो.

मला व्याह्यांच्या बोलण्याची लाज कधी वाटली नाही, राग यायचा. लाज काय असते, ते त्या पायरीवर कळलं. ती कुठल्या घड्याळात दिसत नाही.

"घे," मी पल्लवीला म्हणालो. "दे ह्या विक्रमकडं. करा त्याला मामा."

"कशाला?" तिच्या मागून मालन आली. तिने पदर खोचला, वाकली आणि नातवाला माझ्या छातीवरून उचलून कडेवर घेतलं. "आजोळचं माणूस पायजे न्हवं? मग मी काय शेजारची हाय? मी नेतो की त्याला."

बाबासाहेबांच्या घराण्यात हा प्रश्न कधी उभाच राहिला नसावा. त्यांनी आभाळाकडे बघितलं, देवळाकडे बघितलं. "मामा न्हाय, आज्जा बसला, तर आज्जी," ते स्वतःशीच म्हणाले. "चालतंय की! आजोळच हाय ते."

मालन निघालीसुद्धा. विहीणबाईंना लिंबाच्या लोणच्यात गूळ कधी घालायचा ते सांगत सांगत ती वर गेली. मधे एकदाही थांबली नाही, ना पायाने, ना तोंडाने. वरात तिच्या मागे गेली. पायरीवर मी राहिलो, आणि माझ्यासमोर बाबासाहेब.

मी पाय लांब करून बसलो होतो. माझ्या बुटांचे तळवे त्यांच्या डोळ्यांसमोर. ते वाकले, जरा निरखून बघितलं आणि म्हणाले, "पावणं, चार महिनं ह्याच बुटानं चालला न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

"रबर नवंकोरं हाय."

मी पाय आखडून घेतले, पण उशीर झाला होता. आयुष्यभर मी मालकांना ज्या जागी पकडलं, तिथेच एका बियाणं विकणाऱ्या माणसाने मला पकडलं होतं! मी वाट बघत होतो, आता हा बोलणार. मॉडेल काढणार, इंजिन काढणार. पण त्यांनी मला हात दिला.

"उठा. जावळाला मांडी लागणार हाय. आज्जीनं आणलं, आता मांडी आज्ज्याची." मग न राहवून म्हणाले, "त्या बाबतीत आमच्या विक्रमचं काय चालणार न्हाय. एवढी ऐसपैस मांडी आमच्या अख्ख्या घराण्यात न्हाय."

मी उभा राहिलो, दोन पायऱ्या चढलो आणि पुन्हा थांबलो. तेव्हा बाबासाहेब माझ्या मागे आले. पाठीला दोन्ही तळवे लावले.

"चढाला गाडी बंद पडली की मीटर बघत बसायचं न्हाय, पावणं," ते म्हणाले. "ढकलायची."

आणि त्या काडीसारख्या माणसाने मला ढकलत ढकलत देवळापर्यंत नेलं. वरून सगळे पाहुणे बघत होते. घड्याळ अजून अभिनंदन करत होतं.

जावळ माझ्या मांडीवर झालं. फोटो आहे त्याचा. फेटा सुटलेला, नातू रडून लाल झालेला, आणि हातात माझं घड्याळ, त्याचा पट्टा तो चावतोय. त्या घड्याळाचा एवढाच उपयोग झालेला मी बघितला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन काट्यावर उभा राहिलो. (काट्याशी भांडलो नाही.) खरं वजन, खरी उंची, खरं वय घड्याळात टाकलं. त्याने मला लगेच अर्ध्यावर आणलं. तेही अंदाजेच, पल्लवी म्हणते. आता मी रंकाळ्यावर फेरी मारतो, आणि घरी आल्यावर घड्याळ न बघता बुटांचे तळवे बघतो. झिजतात, पण फार सावकाश झिजतात. मिसळीपेक्षा तर फारच सावकाश.

परवा एक गिऱ्हाईक त्याच राधानगरीवाल्या जीपला बघायला आलं. मीटरमध्ये डोकं घालायला लागलं. मी सवयीने म्हणालो, "मीटर बघू नका, पावणं. पॅडलचं रबर बघा." मालन डबा घेऊन आली होती, ती तिथेच खुर्चीवर बसली होती. गिऱ्हाइकाने रबर बघितलं, बॉनेट बघितलं, जीपला एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "मालक, खरं सांगा. चढाला धक्का मारायला लागत न्हाय न्हवं?"

मालनने पदर तोंडाला लावला.

"न्हाय," मी म्हणालो. "जीपला न्हाय."